गेल्याची वेळ, आल्याची वेळ

मेहरुनच्या गच्चीवर आम्ही गेरूने वाट आखली.
दोन फूट रुंद, तिच्या शिवणटेपने मोजून,
कारण माझी साखळी मोजणी खात्याने
निवृत्तीच्या दिवशीच जमा करून घेतली.

डाव्या हाताला कडा,
म्हणजे दोरीवरच्या चादरी.
उजव्या हाताला काही नाही.
टाकी, कुंड्या, सावंतांचा सोलर
हे सगळं दरीत गेलं असं समजायचं.

तिथे माचू पिचूला
पहारेकऱ्याच्या झोपडीपासून फाटा फुटतो
इंकांच्या पुलाकडे.
जायला अर्धा तास, यायला अर्धा.
आपल्याला पाऊण धर, मी म्हटलं.
पुरता तास धर, मी थांबून थांबून बघणार, ती म्हणाली.
तास लिहिला.
पाणी एकच बाटली, वाटेत आडोसा नाही.
कंदी पेढे चार, भोवळ आली तर.
साडी नाही, असं लिहिलं
आणि दोन दिवस आमचं बोलणं बंद.
तिसऱ्या दिवशी तिनेच दोन सलवारी शिवून आणल्या,
खिसे आतून, पासपोर्ट मावेल एवढे.
(पासपोर्ट अजून यायचाय.
पोलीस चौकशीला आलेला पोरगा विचारत होता,
काकू, पेरू म्हणजे कुठला, सासवडकडचा?)

रविवारी अजिंक्यताऱ्यावर चढून पाहिलं,
डांबरी रस्ता सोडून, पायवाटेने.
माझा गुडघा बोलत होता, मी ऐकत नव्हते.
मंगळाईला हात जोडून तटावर आलो
आणि मेहरुन खाली बसली.
बसली ती बसलीच, दोन्ही हातांनी गवत धरून.
खाली अख्खा सातारा
तिच्या बटणांच्या डब्यासारखा सांडलेला.
घर दाखव म्हटलं तर डोळे मिटून म्हणाली,
आहे तिथेच असेल.

उतरताना मी हळूच काढलं,
झोपडीशी रजिस्टर असतं म्हणे.
नाव, वय, देश, गेल्याची वेळ.
परत आलं की आल्याची वेळ.
तू तिथे बस. सावली असेल. मी जाऊन येते.

चार भिंतीच्या वळणापर्यंत ती गप्प.
मग म्हणाली,
कुवेतला गेलेल्या माणसाची वेळ
मी एकोणीस वर्षं बघितली.
आता कुणाच्या रजिस्टरशी बसायची नाही.

म्हणून ही गच्ची.
म्हणून गेरू.

शेवटी पूल येतो.
पूल कसला, कड्याच्या भिंतीत
मुद्दाम सोडलेली खिंड, वर ओंडके.
शत्रू आला की ओंडके काढायचे, गाव बंद.
आता तर तिथवर जाऊही देत नाहीत,
अलीकडेच अडसर, लांबून बघायचं आणि फिरायचं.
मेहरुनने टेप गळ्यात टाकला.
म्हणजे काढता यावा म्हणून बांधलेला पूल?
हो.
शहाणी माणसं, ती म्हणाली,
आणि बराच वेळ टाकीकडे बघत राहिली.

एकतीस वर्षं मी भावाभावांचे बांध मोजले.
खुणेचा दगड हलला की कळायचं,
वीतभर, कधी अर्धी वीत.
पण अशी मोकळी सोडलेली जागा
कुठल्या नकाशात कशी दाखवायची,
मला कुणी शिकवलं नाही.

आज वारा यवतेश्वराकडून होता.
चादरी फुगल्या, कडा अंगावर आला.
मेहरुन पुढे, मी मागे.
तिने उजवीकडे बघितलं. मुद्दाम.
खाली सावंतांची सून
भांडी घासायची थांबून वर बघत होती.
पाय थरथरले तिचे, सलवारीतून दिसत होते,
पण रेघेवर नव्हते पडत.

जिन्याच्या दाराशी भिंतीवर
शिवणाच्या खडूने लिहिलंय,
मेहरुन्निसा, बासष्ट, भारत.
गेल्याची वेळ पाच चाळीस.

पुढचा रकाना तसाच आहे.
अडसरापाशी पोचून आम्ही तिथेच बसलो,
पाय दरीत सोडून,
अंधार पडला, सून भांडी घेऊन आत गेली.

पेढे दोन उरलेत.
तिकिटाचं बघायला हवं.